पाझर बुजवलेली भिंत

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा तोंडावर आला असताना, मी नेहमीप्रमाणे मुंबईतल्या आमच्या उपनगरामागच्या डोंगरात असलेल्या एका लहान दगडी धरणावर गेलो आणि त्याची कोरडी बाजू पाहून जागच्या जागी थबकलो. काळ्या दगडांची ती जुनी भिंत वरपासून पायथ्यापर्यंत सिमेंटच्या गिलाव्याने लिंपलेली होती आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवलेला होता. पायथ्यापासून पुरुषभर उंचीवर असलेली निचऱ्याची भोके त्या गिलाव्याखाली गडप झाली होती. काम नीटनेटके होते, मजुरांनी ते मन लावून केले होते आणि ज्यांनी ते करवून घेतले त्यांचा हेतूही चांगलाच होता. भिंतीतून पाणी गळते, ते बरे दिसत नाही आणि धोक्याचे वाटते, म्हणून त्यांनी गळती बंद केली होती. मला मात्र त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये एकच विचार छळत होता की आता पावसात धरण भरले की त्या भिंतीत शिरलेल्या पाण्याने बाहेर कुठून पडायचे.

धरणाचे आणि त्याच्या मालकांचे नाव मी येथे देत नाही. ते एका कारखान्याच्या पाण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले, तो कारखाना केव्हाच बंद पडला आणि भिंत मात्र उभी राहिली. तिची उंची सुमारे ८ मीटर, माथ्याची रुंदी सव्वा मीटरच्या आत आणि पायथ्याची रुंदी ५ मीटर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, १९८४ पासून पुढे, या धरणाची देखभाल कनिष्ठ अभियंता म्हणून माझ्याकडे होती. तेव्हापासून जडलेला जिव्हाळा निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

मुंबईला पाणी मिळाले ते अशा जुन्या बांधांच्या भरवशावर, हे आपण सहज विसरतो. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये, पवई १८९० च्या सुमारास आणि शहापूर तालुक्यातले तानसाचे सुमारे २.८ किलोमीटर लांबीचे दगडी धरण १८९२ मध्ये. पवईचे पाणी आता पिण्यासाठी वापरले जात नाही, पण भरल्यावर त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी साठते आणि ते ओसंडले की मिठी नदीत जाते. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत त्यांच्या पातळ्या छापून येतात आणि त्यांच्यावर अभियंत्यांची नजर असते. माझी काळजी त्यांच्याखालच्या पायरीवर असलेल्या, कुणाच्याच खिजगणतीत नसलेल्या बांधांची आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला आणि त्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे, नोंदी ठेवणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक केले, ही फार मोलाची गोष्ट झाली. परंतु हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी माथ्याची लांबी, साठा, पुराचा विसर्ग किंवा पायाची अडचण यांसारख्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांना. ८ मीटरची भिंत त्यात येत नाही. तिच्याखाली शंभर वर्षांपूर्वी जंगल होते आणि आज ओढ्याच्या दोन्ही काठांना घरे आहेत, यामुळे तिच्या उंचीत एका सेंटीमीटरचाही फरक पडत नाही.

गिलावा पाहून मला भीती का वाटली, ते समजण्यासाठी अशी भिंत कशाच्या जोरावर उभी असते हे पाहावे लागेल. दगडी धरण पाण्याला अडवते ते आपल्या वजनाने. आमच्या धरणाची १ मीटर लांबीची फोड घेतली तर तिचे वजन साधारण ५७ टन भरते. ८ मीटर पाणी त्या फोडीला आडवे ढकलते ते ३२ टनांच्या जोराने. जुन्या अभियंत्यांनी ही दोन बळे मांडली आणि दोहोंचा मिळून होणारा जोर पायाच्या मधल्या तिसऱ्या भागातच उतरला पाहिजे, म्हणजे पाण्याकडच्या टाचेला भिंत उचलली जात नाही, असा नियम पाळला. आमची भिंत या हिशेबात बसते, अगदी काठावर बसते, पण बसते. या हिशेबात एक बळ मात्र धरलेले नव्हते. पाणी भिंतीच्या समोरून ढकलते तसेच ते पायाच्या फटींतून आणि दगडांच्या दरजांतून आत शिरून भिंतीला खालून वर उचलतेही. पाण्याकडच्या टोकाला पूर्ण दाब आणि कोरड्या टोकाला शून्य असे धरले, तरी आमच्या फोडीला ते पाणी २० टनांनी उचलते. ५७ टनांच्या भिंतीचे वजन मग ३७ टनांइतकेच कामी येते आणि जोर मधल्या तिसऱ्या भागातून घसरून पुढच्या बोटाकडे जातो.

हे उचलबळ गंभीरपणे घ्यायला जग शिकले ते एका दुर्घटनेतून. फ्रान्समधले बुझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर दगडी आणि काँक्रीटच्या धरणांत आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब धरण्याची आणि तो दाब उतरवण्यासाठी निचऱ्याची सोय ठेवण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. तानसा आणि पवई त्याआधीची. आमचे धरण त्यानंतरचे असले तरी ते बांधणाऱ्याने जुनाच हिशेब वापरलेला दिसतो. मात्र त्याने, अनुभवाने म्हणा किंवा कुठून ऐकून म्हणा, कोरड्या बाजूला दर अडीच-तीन मीटरवर एकेक भोक ठेवले. भिंतीत शिरलेल्या पाण्याला त्या भोकांतून वाट मिळे आणि दाब तिथे उतरे. मी वर केलेल्या हिशेबात कोरड्या टोकाचा दाब शून्य धरला आहे, तो या भोकांच्या भरवशावर. ती बुजवली, वर सिमेंटचे कवच चढवले, की आतले पाणी साचत जाते, दाब शून्यावर उतरत नाही आणि २० टनांचा आकडा वाढत जातो. भिंत बाहेरून कोरडी दिसते आणि आतून फुगते. म्हणून माझ्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की पाणी अडवायचे ते पाण्याच्या बाजूला, कोरडी बाजू मोकळीच ठेवायची.

गळती मोजायला मला शिकवले ते मात्र साहेबांनी नव्हे. धरणावर एक वयस्क पहारेकरी होते, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्याकडे गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा होता, त्याचे वरचे झाकण कापून कडा आत ठोकलेल्या होत्या. डाव्या बाजूच्या चौथ्या भोकाखाली तो डबा धरायचा, हातातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवायची आणि डबा काठोकाठ भरला की आकडा वहीत लिहायचा, त्याच ओळीत धरणातल्या पाण्याची पातळीही लिहायची. धरण तुडुंब असताना डबा ४० सेकंदांत भरत असे, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. मी एकदा त्यांना विचारले, ‘‘मामा, रोज तेच आकडे येतात, मग लिहिता कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब, तेच आहेत हे कळायला लिहितो.’’ या उत्तराइतके धरणाच्या देखभालीचे नेमके वर्णन मला पुढे कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नाही. गळती आहे याने काही बिघडत नाही. तेवढ्याच पातळीला ती अचानक वाढली, अचानक थांबली, जागा बदलून दुसरीकडून येऊ लागली किंवा तिचा रंग बदलला, की मात्र झोप उडायला हवी.

रंगाविषयी थोडे अधिक सांगतो. जुने दगडी काम चुन्यात केलेले असे. घाण्यात मळलेला चुना आणि त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी, असे मिश्रण पाण्यातही घट्ट होते आणि शतकभर टिकते. पण कोकणातल्या पावसाचे पाणी मृदू असते, त्यात क्षार नसल्यामुळे ते दरजांतून जाताना थोडा थोडा चुना विरघळवून नेते. कोरड्या बाजूला हवा लागली की तोच चुना पुन्हा दगडासारखा थिजतो आणि भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात. हे ओघळ म्हणजे आतून निघून गेलेल्या चुन्याची नोंदच असते, म्हणून ते कुठे आहेत आणि किती जाड होत आहेत हे दर वर्षी त्याच जागेवरून फोटो काढून पाहावे. गढूळ पाणी हा याहून फार गंभीर प्रकार आहे. भिंतीच्या टोकांना, जिथे ती डोंगरात शिरते, किंवा पायथ्याला गढूळ पाणी दिसले तर ते माती किंवा कुजलेला खडक वाहून आणत आहे आणि आतली वाट रुंद करत आहे असे समजावे.

आता माझ्या पांढऱ्या भिंतीकडे वळतो. मी मालकांच्या कार्यालयात गेलो, आकडेमोड दाखवली, भोके मोकळी करण्याची विनंती केली. मला चहा मिळाला आणि पावसाळ्यानंतर बघू असे उत्तर मिळाले. जुलैच्या मध्यात धरण भरले. चौथ्या भोकाच्या जागी गिलावा कोरडाठाक होता. पण भिंतीच्या डाव्या टोकाला, जिथे दगडी काम संपून डोंगराचा उतार सुरू होतो, तिथे खालच्या वस्तीतल्या एक मावशी कपडे धूत होत्या. पूर्वी तिथे पाणी कधीच नसायचे. त्या आपणहून म्हणाल्या, ‘‘काका, इकडं आता नवा झरा लागलाय बघा, पण चार दिवस झाले, लालसर येतंय.’’ मी ओंजळीत पाणी घेतले, थोडा वेळ धरले, आणि ते ओघळून गेल्यावर तळहाताच्या रेषांमध्ये बारीक तांबडी माती राहिली. मामांचा डबा आता नाही, मी घरचा डबा नेला होता. तो २५ सेकंदांत भरला.

त्या रात्री मुंबईत जोरदार पाऊस होता. रात्रभर मला २ जुलै २०१९ ची आठवण येत राहिली. त्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, खालची घरे वाहून गेली, आणि गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. ते मातीचे धरण होते आणि माती एकदा वाहू लागली की भिंत तासांत जाते, दगडी भिंत तेवढ्या लवकर जात नाही हे खरे आहे. पण दगडी भिंतीचे टोक मातीत आणि कुजक्या खडकातच रुतलेले असते. आणि दगडी धरण फुटत नाही असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याचे पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावरून वाहिले आणि तेही फुटले. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या दगडी धरणाला १९६९ मध्ये तडे जाऊन मोठी गळती सुरू झाली, तेव्हा त्याला मागून टेकू देऊन बळकट करावे लागले.

सुदैवाने आमच्या धरणाचा खालचा दरवाजा चालू होता. मी हे सुदैव म्हणतो, कारण लहान धरणांच्या बाबतीत बहुधा तोच गंजून अडकलेला असतो. वर्षानुवर्षे कुणी त्याची चावी फिरवलेली नसते, तोंडाशी गाळ साचलेला असतो, आणि पाणी उतरवण्याची वेळ येते तेव्हा ते उतरवण्याचा मार्गच उरलेला नसतो. दर वर्षी दोनदा, एकदा पावसापूर्वी आणि एकदा नंतर, तो दरवाजा पूर्ण उघडून पूर्ण बंद करावा, त्याच्या दांड्याला वंगण लावावे आणि तशी नोंद करावी, यात ना खर्च आहे ना विद्वत्ता. मालकांच्या तरुण अभियंत्याने मी काढलेला फोटो आणि तो २५ सेकंदांचा आकडा पाहिल्यावर वरच्यांची वाट न पाहता दरवाजा उघडवला आणि दोन दिवसांत पाणी दीड मीटरने खाली आणले. लालसर पाणी थांबले. त्या मुलाचे मला फार कौतुक वाटते.

सांडव्याचा, म्हणजे भरलेल्या धरणातले जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेचा, विषय मी येथे थोडक्यात सांगतो, खरे तर तो स्वतंत्र लेखाचा आहे. आमच्या सांडव्यावर काही वर्षांपूर्वी पाणी थोडे जास्त साठावे म्हणून वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या होत्या. फूट-दोन फुटांनी काय होते, असे वाटते. पाण्याचा आडवा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो आणि भिंतीला उलटवणारे बळ घनाने. ८ मीटरचे पाणी ९ मीटर झाले तर आडवा जोर २७ टक्क्यांनी आणि उलटवणारे बळ ४२ टक्क्यांनी वाढते. त्यात सांडवा रुंदीने कमी पडला किंवा प्लास्टिकने, थर्माकोलने आणि तुटलेल्या फांद्यांनी तुंबला तर पाणी भिंतीच्या माथ्यावरून जाते आणि पायथ्याचा खडक उकरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या सांडव्याचे माप घेणाऱ्याच्या वहीत असा पाऊस असण्याची शक्यता फार कमी आहे. तेव्हा सांडवा मोकळा ठेवणे हे देखभालीतले पहिले काम मानावे, आणि त्यावर कुणी गोण्या, फळ्या किंवा जाळ्या लावल्या असतील तर त्या त्याच दिवशी काढाव्यात. धरण गाळाने भरले म्हणजे धोका टळला, ही समजूतही चुकीची आहे, कारण ओला गाळ पाण्याहून जड असतो आणि भिंतीला ढकलायचे थांबवत नाही.

झाडांबद्दल मला दर वर्षी कुणाशी तरी वाद घालावा लागतो. पिंपळ, वड आणि उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दरजेत पडते, पहिल्या पावसात दोन पाने फुटतात, आणि कुणाला ते उपटावेसे वाटत नाही, पिंपळ तर मुळीच नाही. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी निघते. पाचव्या वर्षी त्याचे मूळ मनगटाएवढे होऊन दोन दगडांच्या मधोमध गेलेले असते. तेव्हा ते ओढून काढले तर दगड निखळतात आणि नुसते वरून कापले तर पुन्हा फुटते. पुरते मारले तर मूळ आतच कुजून पाण्याला पोकळ वाट तयार होते, म्हणून मेलेले मूळ निघेल तेवढे काढून ती पोकळी गाऱ्याने दाबून भरावी लागते. म्हणून मी मित्रांना घेऊन ऑक्टोबरमध्ये, माती आणि चुना ओला असतानाच, कोवळी रोपे काढतो आणि कुंडीत लावून डोंगरात दुसरीकडे नेतो. पिंपळाला जागा मिळते आणि भिंतीलाही इजा होत नाही.

डिसेंबरमध्ये मालकांनी भोके पुन्हा मोकळी करायला संमती दिली. भोकांच्या जागा कुणाच्याच लक्षात नव्हत्या, त्या आम्हाला मामांच्या वहीतून मिळाल्या, कारण त्यांनी प्रत्येक भोक डाव्या टोकापासून पावलांनी मोजून लिहून ठेवले होते. हलक्या छिन्नीने गिलावा फोडत गेलो. चौथ्या भोकावरचा पोपडा निघाला तेव्हा आधी हवेचा आवाज आला, मग करंगळीएवढी धार जोराने बाहेर उडाली आणि कामगाराचा शर्ट भिजला. धरणात पाणी निम्म्याहून कमी होते, तरीही ती धार तशी उडाली. पहिल्या दिवशी पाणी दुधासारखे पांढरे होते, तिसऱ्या दिवशी ते स्वच्छ झाले.

या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत, पाणी तळाला गेल्यावर, पाण्याच्या बाजूच्या दरजा भरून घेतल्या. हे काम कसे करावे याबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. दरज निदान दोन इंच खोल कोरावी, म्हणजे जुना पिठूळ चुना संपून टणक चुना लागतो. ती पाण्याने धुवावी, ओली असतानाच नवा गारा लाकडी पट्टीने ठोकून भरावा, आणि त्यावर गोणपाट टाकून मुंबईच्या उन्हात ते निदान दोन आठवडे ओले ठेवावे. वरवर सिमेंट फासले तर पहिल्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. गारा जुन्या कामाशी जुळणारा असावा, अतिशय कडक सिमेंट मऊ चुन्याच्या शेजारी घातले तर जोड त्यांच्या मधोमध सुटतो. डाव्या टोकाला डोंगराच्या कुजक्या खडकात ग्राउटिंग, म्हणजे फटींत दाबाने पातळ सिमेंट भरण्याचे काम, करावे लागेल का, हे ठरवण्यासाठी मालकांनी आता तज्ज्ञांना बोलावले आहे. ते काम आमच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि ते अंदाजाने करू नये.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो. धरण भरून सांडवा एक वीतभर वाहत होता. चौथ्या भोकाखाली त्या तरुण अभियंत्याने डबा धरला, मी घड्याळ पाहिले. ४४ सेकंद. डाव्या टोकाची जागा ओलसर होती, पाणी वाहत नव्हते. मावशी मात्र कपडे घेऊन सांडव्याखाली बसल्या होत्या, त्यांना मी तिथून उठून वरच्या दगडावर बसायला सांगितले. वहीच्या नव्या पानावर तारीख, पातळी, ४४ आणि ‘स्वच्छ’ असे लिहून मावशींनी आणि मी दोघांनी सही केली, कारण ज्याने झरा पहिल्यांदा पाहिला त्याची सही असावी असे त्या मुलानेच सुचवले.